छपराचा ढाळ मोजायचा कसा : गुण्या, ओळंबा आणि टेप पुरेसे आहेत

एप्रिल-मे आला की विदर्भातल्या खेड्यांत छपरांची कामं निघतात. कुणी जुने कवेलू (कौलं) उतरवून टिन टाकतो, कुणी ढोरांच्या कोठ्याला नवी बल्ली (गोल लाकूड) घालतो, कुणी समोरची सपरी (ओसरी) वाढवतो. वानरांनी उधळलेलं पाखं (छपराची एक उतरती बाजू) सारखं करायचं असतं, आणि मृगाआधी सगळं झाकून व्हायला हवं असतं. या घाईत एक मोजमाप हमखास राहून जातं, ते म्हणजे ढाळ. लांबी-रुंदी टेपने मोजली जाते आणि ढाळ नजरेने ठरतो. मग पत्रा चार बोटं आखूड पडतो, नाहीतर नवे इंग्रजी कवेलू घातलेलं घर पहिल्याच झडीत गळायला लागतं.

ढाळ मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गावातल्या वाढयाच्या (सुताराच्या) पिशवीत जे असतं तेवढ्यात काम होतं. फक्त कुठून कुठे मोजायचं हे पक्कं हवं. मोजताना बहुतेक चुका हत्याराच्या नसतात, जागेच्या असतात. म्हणून या लेखात जागेबद्दल जास्त बोललो आहे.

ढाळ म्हणजे नेमकं काय

ढाळ सांगायची सोपी आणि कामाची रीत एकच : फुटाला किती इंच. वळचणीकडून (छपराच्या खालच्या कडेकडून) आढ्याकडे (सर्वांत वरच्या आडव्या लाकडाकडे) आडवं एक फूट सरकलं की छप्पर किती इंच वर चढतं, तो आकडा म्हणजे ढाळ. आडव्या १ फुटाला ६ इंच चढत असेल तर ढाळ फुटाला ६ इंच. स्लॅबवरच्या ढाळाबद्दल गवंडी याच भाषेत बोलतो, त्यामुळे सगळ्यांना ती कळते.

इथे ‘आडवं’ हा शब्द सोडायचा नाही. वाशावर (आढ्याकडून वळचणीकडे उतरणाऱ्या लाकडावर) टेप ठेवून, वाशाच्या तिरप्या अंगाने एक फूट घेतलं तर आकडा चुकतो. एक फूट जमिनीला समांतर हवं आणि चढ ओळंब्याच्या (दोऱ्याला टांगलेल्या वजनाच्या) रेषेत.

दुसरा गोंधळ घराच्या रुंदीचा. कुणी सांगतं, ‘१६ फुटाला ४ फूट उचललं आहे.’ यातले १६ फूट म्हणजे घराची पूर्ण रुंदी. आढं मधोमध असेल तर एका पाख्याच्या वाट्याला ८ फूट येतात. ८ फुटाला ४ फूट, म्हणजे फुटाला ६ इंच. तोच माणूस १६ ने भागून फुटाला ३ इंच सांगून मोकळा झाला, तर टिनाचा आणि लाकडाचा सगळा हिशोब बिघडतो. समोरच्याने आकडा सांगितला की आधी विचारा : भाऊ, हा एका पाख्याचा की पूर्ण रुंदीचा?

अंशांची गरज तशी पडत नाही. सूत मात्र लागतं. ८ सूत म्हणजे १ इंच, आणि ढाळ सुतापर्यंत लिहिला की पुरे.

हत्यारं, आणि आधी त्यांचीच तपासणी

टेप, ओळंबा, पाणसळ म्हणजे स्पिरिट लेव्हल, लोखंडी गुण्या (काटकोनी पट्टी), बारीक दोरा, पेन्सिल, आणि एक सरळ रंधलेली ५-६ फुटांची लाकडी पट्टी. मोठ्या घराला पाणी भरायची पारदर्शक लेव्हल नळीही लागेल. ती गवंड्याकडे असतेच.

पाणसळ खरी आहे का ते आधी बघा. ती पट्टीवर ठेवा, एका टोकाखाली कागद किंवा काडी सारून बुडबुडा मधोमध आणा. मग पाणसळ उचलून उलटसुलट फिरवा, डावं टोक उजवीकडे, आणि त्याच जागी ठेवा. बुडबुडा पुन्हा मधोमध आला तर ती खरी. सरकला तर ती पाणसळ या कामाला घेऊ नका.

गुण्याची परीक्षा तितकीच सोपी. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून आडवी रेघ मारा. गुण्या पालथा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर काटकोन बरोबर आहे. मोठ्या मापासाठी ३-४-५ आहेच : एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, आणि तिरपं अंतर बरोबर ५ फूट.

पट्टी सरळ आहे का हे पाहायला तिच्या कडेने रेघ मारा, पट्टी पालथी करून त्याच दोन टोकांतून पुन्हा मारा. मधे फट दिसली तर पट्टी वाकडी आहे.

वर चढण्याआधी

शक्यतो वर चढूच नका. खालच्या तिन्ही पद्धतींत पाय छपरावर ठेवायची गरज नाही. शिडीवरून किंवा घराच्या आतून काम होतं.

चढावंच लागलं तर कवेलूंवर थेट पाय देऊ नका. छपरावर आडवी शिडी टाकून वजन वाशांवर येईल असं चढा. जुन्या सिमेंट पत्र्यावर तर अजिबात नको. वरून धड दिसतो आणि पायाखाली एकदम तुटतो. तो कापणं, घासणंही टाळा, त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. कवेलूखाली हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. इंचू आणि साप उन्हाळ्यात तिथे सावलीला असतात. विजेची सर्व्हिस वायर बहुतेक घरांत तिकोनी भिंतीजवळूनच आत येते, आणि तुमचा टेप, गुण्या, अॅल्युमिनियमची पाणसळ या सगळ्यांतून वीज वाहते. वायर जवळ असेल तर घराच्या दुसऱ्या टोकाला मोजा.

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत टिनाला दुपारी हात लागत नाही. सकाळी सूर्य वर यायच्या आत मोजून घ्या. त्या वेळी वाराही कमी असतो, आणि ओळंब्याला ते फार सोयीचं जातं.

पहिली पद्धत : पाणसळ आणि टेप, वाशाखालून

ही सर्वांत सोपी. घरात किंवा कोठ्यात वासे उघडे दिसत असतील तर इथूनच सुरुवात करा.

पाणसळीच्या एका टोकापासून बरोबर २४ इंचांवर पेन्सिलीने खूण करा. पाणसळ छोटी असेल तर ती सरळ पट्टीवर दोऱ्याने बांधा आणि खूण पट्टीवर करा. आता वाशाच्या खालच्या अंगाला, वळचणीकडचं टोक टेकवा. टेकलेल्या टोकाचा वरचा कोपरा वाशाला लागलेला हवा. दुसरं टोक आढ्याच्या दिशेने ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत वरखाली करा. स्थिर झालं की २४ इंचांच्या खुणेपासून सरळ वर, वाशाच्या खालच्या अंगापर्यंत अंतर मोजा. आलेल्या आकड्याचं निम्मं म्हणजे फुटाला इंच.

१२ इंचांवर मोजलं तरी चालतं, पण २४ वर मोजून अर्धं केलं की टेप वाचताना झालेली चूकही अर्धी होते. पाणसळ ४ फुटी असेल तर ४८ वर मोजून चौथा हिस्सा घ्या, आणखी बरं.

टेप बरोबर उभा धरला आहे का, हे बघायला दुसरा माणूस घ्या. टेप किंचित तिरपा झाला की आकडा बदलतो. एकटे असाल तर २४ च्या खुणेवर छोटा गुण्या उभा करून त्याला टेप टेकवा.

वासा वरच्या अंगाने उघडा असेल, म्हणजे कवेलू उतरवलेले असतील, तर हेच उलट करायचं : पाणसळीचं आढ्याकडचं टोक वाशाला टेकवायचं, वळचणीकडचं टोक अधांतरी, आणि खुणेपासून खाली वाशापर्यंत मोजायचं.

दुसरी पद्धत : गुण्या आणि ओळंबा

मला स्वतःला ही सर्वांत आवडते. पाणसळ लागत नाही, गुणाकार-भागाकार लागत नाही, आकडा थेट गुण्यावरच वाचता येतो.

घराच्या तिकोनी बाजूला जा, जिथे शेवटचा वासा बाहेरून दिसतो. शेवटचा वासा भिंतीत गाडलेला असेल तर छपरावर ढाळाच्या दिशेने सरळ पट्टी अशी ठेवा, की तिची एक कड भिंतीच्या बाहेर येईल. ओळंब्याचा दोरा पट्टीच्या बाजूने मोकळा लोंबला पाहिजे, एवढंच.

मोठा लोखंडी गुण्या घ्या, ज्याच्या दोन्ही बाजूंवर इंच कोरलेले आहेत. एक बाजू वाशाच्या वरच्या कडेवर झोपवा, तिचं मोकळं टोक वळचणीकडे. दुसरी बाजू वाशाशी काटकोनात वर उभी राहील. उभ्या बाजूच्या १२ इंचांच्या खुणेवर दोरा धरा आणि ओळंबा सोडा. दोरा खाली येताना झोपवलेल्या बाजूला कुठेतरी कापून जाईल. तिथे जो इंच दिसतो, तोच ढाळ. ६ वर कापला तर फुटाला ६ इंच, ५ इंच ४ सुतांवर कापला तर साडेपाच.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे गुण्या कसा धरायचा हे विसरणार नाही. छप्पर जमिनीशी जेवढं तिरपं, तेवढीच गुण्याची उभी बाजू ओळंब्याशी तिरपी. म्हणजे गुण्यावर जो लहान त्रिकोण तयार होतो, तो छपराच्याच त्रिकोणाचा नमुना असतो. त्यात १२ इंच हे आडवं अंतर, आणि दोरा कापतो तो आकडा म्हणजे चढ.

इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. गुण्याच्या पात्याला दीड-दोन इंच रुंदी असते आणि बाहेरच्या कडेवरचे इंच बाहेरच्या कोपऱ्यापासून, आतल्या कडेवरचे आतल्या कोपऱ्यापासून मोजलेले असतात. दोरा बाहेरच्या कडेच्या १२ वर धरला असेल तर वाचायचंही बाहेरच्याच कडेवर, म्हणजे वाशाला टेकलेल्या कडेवर. वर बाहेरची कड आणि खाली आतली कड अशी सरमिसळ झाली की आकडा हमखास चुकतो.

गुण्या लहान असेल आणि १२ ची खूण नसेल तर दोरा ६ वर धरा आणि आलेला आकडा दुप्पट करा.

वाऱ्यात ओळंबा झुलत राहतो. खाली पाण्याची बादली ठेवा आणि ओळंबा पाण्यात बुडू द्या. दोरा थोड्याच वेळात शांत होतो. त्यासाठी दोरा लांब सोडावा लागेल, एवढंच.

तिसरी पद्धत : पूर्ण पाख्याचं माप, पाण्याच्या नळीने

वरच्या दोन्ही पद्धती छपराचा एक छोटा तुकडा मोजतात. जुन्या घरात तेवढं पुरत नाही. बल्ली वाकलेली असते, आढं मधे झुकलेलं असतं, सारवलेली जमीनही सपाट नसते. नवे वासे कापायचे असतील, किंवा पूर्ण छप्पर बदलायचं असेल, तर मी ही तिसरी पद्धतच करायला सांगेन. वेळ थोडा जास्त जातो, पण यावर पैसे लावता येतात.

आढ्याजवळ, वाशाच्या खालच्या अंगाला एक खिळा ठोका. आढ्याला नाही, वाशालाच. त्या खिळ्याला ओळंबा बांधून खाली सोडा, खाली बादलीत पाणी. आता लेव्हल नळी घ्या. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहायला नको. राहिला तर पाणी खोटं सांगतं. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं येतं का ते आधी बघा. मग एक टोक दोऱ्याजवळ आणि दुसरं टोक त्याच वाशाखालच्या भिंतीला न्या. दोन्ही टोकांची तोंडं उघडी ठेवा. पाणी थांबलं की छातीच्या उंचीवर दोऱ्याला पेन्सिलीची खूण करा आणि भिंतीवरही तेवढ्याच पातळीला खूण करा. या दोन खुणा आता एका आडव्या रेषेत आहेत. जमीन कशीही असो, फरक पडत नाही.

तीन मापं घ्या. दोऱ्यावरच्या खुणेपासून वर खिळ्यापर्यंत, म्हणजे वाशाच्या खालच्या अंगापर्यंत. भिंतीवरच्या खुणेपासून सरळ वर, भिंतीला वासा लागतो तिथल्या खालच्या अंगापर्यंत. आणि दोऱ्यापासून भिंतीपर्यंतचं आडवं अंतर, दोन्ही खुणांच्या पातळीवर.

समजा दोऱ्याकडची उंची ६ फूट सव्वापाच इंच आली आणि भिंतीकडची ३ फूट. फरक ३ फूट सव्वापाच इंच, म्हणजे ४१.२५ इंच. आडवं अंतर साडेसात फूट. आता चढ इंचांत आणि आडवं अंतर फुटांत ठेवून भागा : ४१.२५ भागिले ७.५, उत्तर ५.५. ढाळ फुटाला साडेपाच इंच. १२ ने गुणा, मग भागा असं काही करावं लागत नाही.

या पद्धतीत दोन्ही टोकं एकाच वाशाच्या एकाच अंगाला असायला हवीत. वरचं माप आढ्याच्या खालून घेतलं आणि खालचं वाशाच्या खालून, तर आढ्याची जाडी हिशोबात घुसते आणि ढाळ खोटा कमी दिसतो.

जुन्या घरात काय सांभाळायचं

दोन्ही पाखी वेगळी मोजा. विदर्भातल्या जुन्या मातीच्या घरांत आढं मधोमध असेलच असं नाही. पुढचं पाखं सपरी घेण्यासाठी लांब ओढलेलं असतं, मागचं आखूड आणि उभं. रुंदी मोजून अर्धी करणं हा या घरांत सर्वांत महाग पडणारा शॉर्टकट आहे.

एका पाख्यावरही किमान तीन ठिकाणी मोजा : दोन्ही टोकांना आणि मधे. आढं मधे दोन-तीन इंच झुकलेलं असेल तर मधला आकडा कमी येईल. तो सरासरीत बुडवू नका. तो आकडा सांगतो की आढ्याला आधार हवा आहे. नवे कवेलू किंवा टिन टाकण्याआधी तो आधार द्या.

बल्लीचा वासा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतो. १० फुटांच्या बल्लीत बुडाशी ४ इंच आणि शेंड्याला ३ इंच जाडी असली तर वरच्या आणि खालच्या अंगाच्या ढाळात फुटामागे जवळपास एक सुताचा फरक पडतो. वाढई जाड बाजू वळचणीकडे ठेवतो, त्यामुळे वरचं अंग खालच्यापेक्षा किंचित सपाट असतं. पत्रा आणि कवेलू वरच्या अंगावर बसतात. म्हणून खालून मोजलेला आकडा अगदी काठावर असेल, तर वरच्या अंगाने, दोन-तीन रिपांवर (वाशांवर ठोकलेल्या आडव्या पट्ट्यांवर) सरळ पट्टी टाकून पुन्हा मोजा.

आणि सपरी. मुख्य छप्पर फुटाला ५ इंच आहे, वळचणीची उंची ७ फूट आहे, आणि त्याच ढाळाने पुढे ६ फुटांची सपरी ओढायची आहे असं समजा. सहा फुटांत ३० इंच उतार पडेल, आणि सपरीची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर येईल. घरात वाकून शिरावं लागेल. म्हणून सपरीचा ढाळ तोडून कमी करतात. फुटाला २ इंच ठेवला तर उतार १२ इंच, कड ६ फुटांवर. पण २ इंचांच्या ढाळावर कवेलू टिकणार नाहीत, तिथे टिनच हवं. वरच्या कवेलूंची शेवटची ओळ खालच्या टिनावर चांगली पुढे यायला हवी, नाहीतर वाऱ्याचा पाऊस नेमका त्या सांध्यातून आत येतो. असं तुटक छप्पर म्हणजे मोजायला दोन वेगळी छपरं. सपरीचा आकडा वेगळा लिहा.

कोणत्या छपराला किती ढाळ

मोजलेला आकडा हातात आला की खरा प्रश्न हाच.

देशी कवेलू आणि इंग्रजी, म्हणजे मंगलोरी कवेलू, दोघांनाही फुटाला ६ इंचांच्या आसपास ढाळ मानवतो, साडेपाच ते सात. ५ च्या खाली गेलं की वाऱ्याबरोबर आलेलं पाणी कवेलूच्या सांध्यातून उलटं चढतं. कवेलू फुटलेला नसतो, तरी घर गळतं, आणि लोक कवेलूला दोष देतात. दुसऱ्या टोकाला, देशी कवेलू फार उभ्या ढाळावर खाली सरकतात, कारण ते नुसते एकमेकांवर ठेवलेले असतात. इंग्रजी कवेलूला मागच्या अंगाला टोक असतं, ते रिपेला धरून राहतं.

टिनाला फुटाला २ ते ४ इंच पुरतात. त्याहून कमी ढाळावरही टिन टाकतात, पण मग दोन पत्र्यांचा लांबीकडचा चढाव (एकावर एक येणारा भाग) ६ इंचांवर भागत नाही, वाढवावा लागतो. शिवाय सपाट छपराला वावधन (वादळी वारा) खालून आणि वरून दोन्हीकडून उचलतं. पत्र्यावर दगड ठेवण्यापेक्षा हूक बोल्ट आणि वॉशर नीट लावणं जास्त सुरक्षित. दगड वादळात खाली माणसांवरच येतो.

गवताचं छप्पर या सगळ्यांत उभं लागतं, फुटाला १० ते १२ इंच. पाणी गवतात मुरायच्या आत निसटून गेलं पाहिजे.

गडचिरोली-गोंदियाकडे पाऊस हजार मिलिमीटरच्या बराच वर जातो, बुलढाणा-अकोल्याकडे त्याहून खूप कमी. पूर्व विदर्भात वर दिलेल्या मर्यादांतला जास्तीचा आकडा घ्या. पश्चिमेकडे मधला चालतो.

सर्वांत मोठा घोळ होतो तो छप्पर बदलताना. कवेलूच्या ढाळावर टिन टाकणं नेहमीच चालतं, थोडा पत्रा जास्त लागतो इतकंच. उलट मात्र चालत नाही. टिनाच्या ३ इंची ढाळावर थंडाव्यासाठी इंग्रजी कवेलू घालायचे म्हटलं तर आधी आढं उचलावं लागेल. ८ फुटांच्या पाख्यात ३ वरून ६ वर जायला आढं २ फूट वर न्यावं लागतं, तिकोनी भिंतही वाढवावी लागते. कवेलूही टिनापेक्षा कितीतरी जड, म्हणजे वासेही तपासावे लागतात. हा खर्च कवेलू विकत घेण्याआधी कळायला हवा, नंतर नाही.

ढाळावरून पत्र्याची आणि वाशाची लांबी

खालचे आकडे कागदावर उतरवून पेटीत ठेवा. पहिला आकडा ढाळ, दुसरा अंश, तिसरा म्हणजे आडव्या १ फुटाला तिरपी लांबी किती इंच :

फुटाला २ इंच : ९.५ अंश, १२.१७ इंच
फुटाला ३ इंच : १४ अंश, १२.३७ इंच
फुटाला ४ इंच : १८.४ अंश, १२.६५ इंच
फुटाला ५ इंच : २२.६ अंश, १३ इंच
फुटाला साडेपाच इंच : २४.६ अंश, १३.२ इंच
फुटाला ६ इंच : २६.६ अंश, १३.४२ इंच
फुटाला ७ इंच : ३०.३ अंश, १३.८९ इंच
फुटाला ८ इंच : ३३.७ अंश, १४.४२ इंच
फुटाला ९ इंच : ३६.९ अंश, १५ इंच
फुटाला १२ इंच : ४५ अंश, १६.९७ इंच

एक उदाहरण पूर्ण करू. आढ्यापासून भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत आडवं ९ फूट. वळचण भिंतीबाहेर आडवी दीड फूट काढायची आहे. एकूण साडेदहा फूट. ढाळ फुटाला ५ इंच. साडेदहा गुणिले १३, म्हणजे १३६.५ इंच, म्हणजे ११ फूट साडेचार इंच. १२ फुटी पत्रा घ्यायचा. आडवं माप साडेदहा आहे म्हणून ११ फुटी घेतला असता, तर वळचण साडेचार इंचांनी आत आली असती. मातीच्या भिंतीला एवढा फरक पुरेसा आहे. वळचणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडायला लागतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंत खालून खायला लागते.

ढाळात अर्ध्या इंचाची चूक झाली तर काय होतं? १० फुटांच्या पाख्यात, ५ ऐवजी साडेपाच धरले, तर पत्र्याची लांबी फक्त २ इंचांनी बदलते. पण आढ्याची उंची ५ इंचांनी बदलते. म्हणून पत्रा घेताना थोडी चूक पचते. तिकोनी भिंत बांधताना किंवा आढ्याचे खांब कापताना नाही.

वासा कापताना हाच ढाळ थेट गुण्यावर घ्या. गुण्याची एका बाजूची १२ ची खूण आणि दुसऱ्या बाजूची, समजा, साडेपाचाची खूण, दोन्ही वाशाच्या एकाच कडेवर आणा. साडेपाचाच्या बाजूने मारलेली रेघ म्हणजे उभा काप, आढ्याला टेकणारा. १२ च्या बाजूने मारलेली रेघ म्हणजे आडवा काप, भिंतीवर बसणारा. याच स्थितीत गुण्या वाशावरून टप्प्याटप्प्याने सरकवत नेला तर प्रत्येक टप्पा म्हणजे आडवा एक फूट. ९ फुटांसाठी ९ टप्पे, आणि वासा बरोबर लांबीचा निघतो. गोल बल्लीवर हे नीट जमत नाही. तिथे फळीचा साचा करा : २४ इंच पाया, ११ इंच उभी, आणि तिरपी कड. साचा बल्लीला लावून खूण करायची. पूर्ण कोठ्याचे वासे एकाच साच्याने कापले की छप्पर एका पातळीत येतं. आधी एकच जोडी कापून वर बसवून बघा, मग बाकीच्यांना करवत लावा.

मोबाइल आणि सोलर

मोबाइलमध्ये कोन दाखवणारं ॲप असतं. ते वापरा, पण ताडून. फोन वाशावर थेट न ठेवता २-३ फुटांच्या सरळ पट्टीवर ठेवा, आकडा लिहा, मग फोन उलटा फिरवून पुन्हा लिहा आणि दोन्हींची सरासरी घ्या. कव्हर काढा, कॅमेऱ्याचा उंचवटा पट्टीला टेकू देऊ नका. आलेले अंश वरच्या यादीवरून इंचांत आणता येतात.

घरावर सोलर पॅनल बसवायचं असेल तर ढाळ आधी मोजून ठेवणं फार उपयोगाचं आहे. पॅनलचा कल साधारणपणे त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका ठेवतात. नागपूरचा अक्षांश २१ अंशांच्या थोडा वर, म्हणजे फुटाला साडेचार-पावणेपाच इंचांचा ढाळ. दक्षिणेकडे तोंड असलेलं पाखं तेवढ्या ढाळाचं असेल तर पॅनल जवळपास छपरालगत बसतं. टिनाच्या ३ इंची छपरावर, म्हणजे १४ अंशांवर, पॅनलला मागून आणखी सातेक अंश उचलावं लागेल. ४ फुटांच्या चौकटीला मागून ६ इंचांच्या आसपास उंचीचे पाय लागतील. बसवणाऱ्याला हा आकडा आधीच सांगा, म्हणजे तो येतानाच योग्य उंचीचे पाय घेऊन येईल, आणि वादळात टिकतील असे बोल्ट वाशात कुठे घ्यायचे हेही त्याच वेळी ठरवता येईल.